शहामृग की इमू?



हैदराबादेस मीर आलम तलावाच्या काठी नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी ते लोकांस खुले झाले. आम्ही तेथे गेलो असता एक मुलगा कुंपणापाशी ओरडला, “बाबा, शहामृग पाहा!” वडिलांनीही मान डोलावली. वास्तविक समोर उभा होता तो इमू! त्या दोघांना हसण्याचे कारण नाही. पुष्कळ जाणती माणसेही येथे फसतात.

दोघेही उंच मानेचे, दोघांनाही उडता येत नाही. परंतु ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. प्रथम पाय पाहावे. शहामृगाच्या पायाला दोनच बोटे असतात, इमूच्या पायाला तीन. सर्व पक्षिजातीत दोन बोटांचा पक्षी शहामृगच होय. मग अंगाकडे पाहावे. शहामृगाच्या मांड्या उघड्या असतात, नर काळाभोर, पंख व शेपटी पांढरी, मादी मातकट. इमूची पिसे तपकिरी व केसांसारखी लोंबती असून एकेका मुळातून दोन दोन निघतात. शहामृग नऊ फुटांपर्यंत वाढतो, इमू सहा फुटांच्या आसपास. शहामृगाचे अंडे पांढुरके, इमूचे गर्द हिरवे.

शहामृग आफ्रिकेचा, इमू ऑस्ट्रेलियाचा. तथापि शहामृग एके काळी आपल्या भूमीवरही धावत होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात त्याच्या अंड्याची कवचे सापडली आणि त्यांतील एकावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने नक्षी कोरलेली आहे! पवित्र शास्त्रात ईयोबाच्या ग्रंथातही शहामृगाच्या वेगाचे वर्णन आहे. घोडा व स्वार यांना तो हसतो, इतका तो चपळ.

इमूचा मोठेपणा निराळा आहे. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र सुमारे आठ आठवडे अंड्यांवर बसून राहतो, या काळात तो जवळजवळ काही खात नाही, आणि पिल्ले निघाल्यावर कित्येक महिने तोच त्यांना सांभाळतो. त्याला पाहून आम्हांस पवित्र कुटुंबाचा मूक रक्षक संत योसेफ आठवला.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. काही वर्षांपूर्वी आंध्रात, तामिळनाडूत व आपल्या महाराष्ट्रातही इमूपालनाची हवा पसरली होती. जोड्या विकणाऱ्यांनी मोठ्या नफ्याची आश्वासने दिली. मांस व तेल विकत घेणार कोण, हे फारसे कोणी विचारले नाही. २०१२ साली तामिळनाडूतील एक मोठी योजना कोसळली आणि हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. चाऱ्याचा खर्च न झेपल्याने कित्येक मुके पक्षी उपाशी राहिले. दोष त्या पक्ष्यांचा नव्हता; डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांचा थोडा, आणि फसविणाऱ्यांचा फार.

म्हणून बाळांनो, बोटे मोजण्याची सवय लावून घ्या. परमेश्वराने प्रत्येक जीव निराळा घडविला आहे; त्याला नीट न्याहाळणे हीही त्याची स्तुतीच होय. आणि जो पक्ष्याची बोटे मोजावयास शिकला, तो पुढे कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी त्यावरील आकडेही मोजील. असो.