जिन्याचं दार

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी घरांत दाराशी सेफ्टी शूज ठेवलेले असायचे. बाबा नाहीतर काका रिफायनरीत किंवा केमिकल कंपनीत, त्यामुळे सायरन, मॉक ड्रिल, परमिट हे शब्द जेवतानाही कानावर पडत. आमच्या पिढीने लॅपटॉप उचलला आणि ठरवून टाकलं, एसी ऑफिसात धोका कसला? फार तर मान धरेल.

बेंगळुरूची कार्ल्टन टॉवर्स ही इमारत अशीच ऑफिसांची होती. २३ फेब्रुवारी २०१० ला तिथे आग लागली आणि नऊ जण गेले. विजेच्या डक्टमधून धूर वर चढत मजल्यांवर पसरला, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. आगीत ज्वाळेपेक्षा धूर आधी गाठतो, आणि धुरात दोन-तीन मिनिटंसुद्धा फार असतात.

म्हणून ऑफिसात मी सगळ्यात आधी जिन्याचं दार बघतो. ते बंद हवं, पण कुलूपबंद नको. बंद असलं तर जिन्यात धूर शिरत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: फोनवर बोलायला जाणारे पाण्याचा जार लावून ते उघडं ठेवतात, आणि सुट्टीच्या दिवशी वॉचमन कुलूप घालतो.

कार्डाने उघडणारी दारं हा तर आमचाच प्रांत. आत येताना कार्ड लागावं, बाहेर पडताना हाताचा धक्का पुरावा. चुंबकाचं लॉक असेल तर फायर अलार्म वाजताच त्याची वीज तुटली पाहिजे, म्हणजे दार आपोआप सुटतं. मी एकदा फॅसिलिटीवाल्यांना विचारलं, "अहो, लाइट गेले तर हे उघडतं ना?" ते अभिमानाने म्हणाले, "छे हो साहेब, बॅटरी बॅकअप आहे. अजिबात उघडत नाही!" चोरासाठी उत्तम उत्तर. अलार्मशी जोडणी आहे का, हे त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या ड्रिलला आम्ही ते करूनच पाहिलं. दार हललं नाही. मग जोडणी झाली. ड्रिल म्हणजे चहाची सुट्टी समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अग्निशामक सिलिंडरबद्दल थोडंसं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. सर्व्हर रूमजवळ असतो तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याला काटाच नसतो, वजन करून तपासतात. वापरताना त्याचा भोंगा हाताने धरू नका, गोठवणारा गार होतो. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही. आणि आग कचऱ्याच्या डब्यापेक्षा मोठी असेल तर शौर्य नको, जिना गाठा. लिफ्ट नाही. धूर असेल तर वाकून चाला, खाली हवा बरी असते. बाहेर ठरलेल्या जागी थांबा, नाहीतर तुम्हाला शोधायला कुणीतरी परत आत जाईल.

ज्यांची मुलं क्लासला जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट. सुरतेत २४ मे २०१९ ला तक्षशिला आर्केडमधल्या आगीत २२ विद्यार्थी गेले. क्लास वरच्या मजल्यावर होता. फी भरायला जाल तेव्हा वर चढून बघा, उतरायला दुसरा जिना आहे का. असला तर त्याच जिन्याने मुलाला बरोबर घेऊन खाली उतरा.