आधी खटका, मग पाणी

बरेच दिवस इथे काही खरडलं नाही, कारण आम्ही किल्ला बांधतोय! कॉम्प्युटरवर हो. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांचा खेळ २००६ साली आला, तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसायची. २०२२ मध्ये चित्रांची आवृत्ती आली आणि माझ्यासारखे आळशीही त्यात पडले.

डोंगर पोखरून बुटक्यांची वस्ती वसवायची. हे बुटके पक्के दारुडे, त्यामुळे पाण्याचा विचार मी केलाच नाही. पहिल्या हिवाळ्यात गॉब्लिनांनी एका खाणकाम्याला जखमी केलं. खाटेवरच्या रुग्णाला मात्र फक्त पाणीच पाजतात, आणि नदी तर गोठलेली! कोठारात दारूची पिंपं भरलेली असताना तो बिचारा तहानेने गेला. खरंच वाईट वाटलं.

मग मी इरेला पेटलो. नदीपासून भुयार खोदून जेवणघराखाली टाकी केली, वर विहीर बसवली. पण जेवणघर नदीच्या चार मजले खाली होतं. या खेळात पाण्याला दाब असतो. टाकी भरली, पाणी विहिरीतून वर आलं आणि पंगत बुडाली. दार बंद करायचा खटका? तो टाकीशेजारच्या खोलीत, केव्हाच पाण्याखाली!

आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, नळ सोडायच्या आधी तो बंद कुठून होतो ते बघायचं असतं."

या खेळाच्या चाहत्यांचं ब्रीद आहे की हरण्यातच मजा. मला ते अर्धंच पटतं. ड्रॅगनने जाळलं तर मजा, पण आपल्या निष्काळजीपणाने कुणी तहानेने मेला किंवा जेवता जेवता बुडाला, तर त्यात कसली मजा? माझं मत असं की पाणी गडात आलं म्हणजे सोय झाली नाही. ते हवं तेव्हा थांबवता आलं, तरच सोय झाली.

तिसऱ्या खेपेला भुयाराच्या तोंडाशी पाणदार बसवलं आणि त्याचा खटका वरच्या मजल्यावर ठेवला, तोही पाणी सोडायच्या आधी ओढून बघितला. टाकीच्या तोंडाशी वाट एक घर तिरकी काढली, कारण तिरक्या वाटेत दाब मोडतो. टाकी भरली की दार बंद. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही गोठत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल हेच बजावलंय: झरा असला तरी तेवढ्यावर विसंबू नका, टाकी बांधून साठा ठेवा. शाळेत इतिहासाच्या तासाला झोपलो नसतो, तर तो खाणकाम्या वाचला असता.

असो. आता विहिरीजवळ एक खाट कायम रिकामी ठेवतो. ती रिकामीच राहो!