मधला माणूस

"धर्म बदलला म्हणजे काय झालं? भगत गेला आणि पास्टर आला!" जव्हार-मोखाड्यातल्या धर्मांतराचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. माझ्या मते ते अर्धं चूक आहे. आणि जे अर्धं बरोबर आहे, त्याचा जाब ख्रिस्ती मंडळींनीच द्यायला हवा.

आधी चूक काय ते बघू. बायबलच्या नव्या करारात इब्री लोकांना लिहिलेलं एक पत्र आहे. यहुद्यांचे याजक लेवीच्या वंशातले. येशू यहूदाच्या वंशातला, म्हणजे जन्माने त्याला याजकपदाचा हक्कच नाही. तरी पत्र म्हणतं, आता महायाजक तोच. मंदिरातला याजक रोज उभा राहून तेच ते बळी देतो आणि पाप काही फिटत नाही. येशूने एकदाच स्वतःला अर्पण केलं आणि तो बसला. का बसला? काम संपलं म्हणून!

हे जव्हारच्या हिशोबात मांडून बघा. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. ती फिटते न फिटते तोच पुढची उचल. पत्रलेखकाला जुने बळी असेच दिसतात: खातं कधी बंदच होत नाही. येशूच्या याजकपणाचा अर्थ एवढाच, की खातं बंद झालंय. आता देवाकडे थेट जा, मधे कुणी नको.

मग एखादा पास्टर "माझी प्रार्थना पोचते, तुझा विश्वास कमी पडतो" असं सुचवत असेल, तर त्याने बसलेल्या येशूला परत उभं केलं की हो! तापाने फणफणलेलं पोर जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचं सोडून कुणी तेल आणि उपास सांगत असेल, तर तो दाणे बघणाऱ्या भगताला नावं कुठल्या तोंडाने ठेवणार? भगताला निदान पाड्यावरची झाडपाल्याची औषधं तरी ठाऊक असतात.

यावर "कॅथलिकांत तर फादर असतातच" असं कुणी म्हणेल. असतात. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही (१९६२-६५) सांगितलंय की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी आहे आणि फादरचं पद त्यांच्या सेवेसाठी आहे. प्रोटेस्टंटांना तर ल्यूथरने १५२० मधेच सगळे विश्वासणारे याजक असल्याचं बजावलं होतं. म्हणजे पळवाट कुणालाच नाही.

आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी हे ओळखलं होतं. १९१७ मधे मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. मधली माणसं कमी करण्याचाच तो प्रयत्न होता.

आणखी एक. वारल्यांचं लग्न परंपरेने धवलेरी लावते. बाई! भटजी लागत नाही. ज्या समाजात हे काम बाई करत आली, तिथे जाऊन "वेदीपाशी फक्त पुरुष" असं सांगायचं आणि त्याला सुवार्ता म्हणायचं? ज्या येशूला स्वतःलाच वंशाच्या नियमाने याजक होता आलं नसतं, त्याच्या नावाने?

वीटभट्टीवर रविवारी ना फादर येतो ना पास्टर. तिथे झोपडीत आई आजारी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द पुटपुटते. हे 'पास्टर येईपर्यंतचं' तात्पुरतं काम नव्हे. पत्र खरं मानायचं, तर ती पूर्ण याजक आहे. हे तिला कुणी सांगितलंय का? सांगितलं नसेल, तर भगत गेला आणि पास्टर आला, एवढंच झालं.