पक्षाघाताचे औषध आणि परिचारिकेचा तास

टेनेक्टेप्लेस या औषधाला अमेरिकेत पक्षाघातासाठी मान्यता मिळाली ती मार्च २०२५ मध्ये. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेसला भारतात ती २०१६ मध्येच मिळाली होती. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु तो कुपीपाशीच थांबतो, ही आपल्या विज्ञानवार्तांची जुनी खोड आहे.

मेंदूतील गुठळी विरघळवणारे हे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत, आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच देता येते. कोलकात्याचे गार्डन रीच घ्या. एकीकडे बंदर आणि जहाजबांधणी, शेजारी मटियाबुर्जचे शिंपीकाम. बोली बांगला, उर्दू, हिंदी. तिथल्या एखाद्या कारागिराचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की घड्याळ घरातच सुरू होते. ‘जरा पडून राहा, बरे वाटेल’ या एका वाक्यात साडेचार तास सरतात. ही लक्षणे ओळखावीत, रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला ती वेळ सांगावी, हे त्या घराला त्याच्या भाषेत शिकवणार कोण? रक्तदाबाच्या रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी रोज बोलणारी परिचारिकाच.

ऑस्ट्रेलियातील १९ पैकी १० पक्षाघात कक्षांत परिचारिकांना ताप, रक्तशर्करा आणि गिळण्याची तपासणी यांचे शिस्तबद्ध प्रशिक्षण दिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या कक्षांत ५८ टक्के, तर या कक्षांत ४२ टक्के होते. यात नवे औषध एकही नव्हते!

कोणी म्हणेल, भारतातील ३१ केंद्रांवरच्या चाचणीत लघुसंदेश, चित्रफिती आणि पुस्तिका १२ भाषांत देऊनही पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटले नाही. खरे आहे, आणि तो निष्कर्ष झाकून ठेवू नये. मात्र त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की पाठवलेला मजकूर म्हणजे शिक्षण नव्हे. ‘बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्याला उलट प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात आरोग्यशिक्षण आहे. ड्युटीच्या तक्त्यात त्याला वेळ नाही. जे काम तक्त्यात नाही, त्याला मनुष्यबळ मिळत नाही आणि ते झाले नाही तरी जाब विचारला जात नाही. म्हणून मागणी साधी आहे: औषधाच्या मात्रेप्रमाणेच रुग्णाला आणि घरच्यांना काय शिकवले, त्यांना काय उमगले, याची नोंद केसपेपरवर व्हावी, आणि त्यासाठी परिचारिकेला हक्काचा तास मिळावा. तोवर औषधाच्या मान्यतेची बातमी अर्धीच आहे.