धरण उशाला, कोरड घशाला

मुलांनो, शहापूरकडच्या वाचकांना ही म्हण समजावून सांगायला नको. तानसा धरण १८९२ साली बांधून झालं. भातसाही याच तालुक्यात. दोन्हींचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथले कितीतरी पाडे टँकरची वाट बघत बसतात. पाणी आहे, पण पाड्यापर्यंत नळ नाही. परवा अगदी हीच गत माझी झाली, बरं का!

मुरबाडकडच्या एका शाळेचे जुने फोटो आम्ही क्लाउड सर्व्हरवर ठेवतो. क्लाउड म्हणजे ढग, पण ढगात काही नसतं हं! दूरच्या इमारतीत रांगेनं लावलेल्या कॉम्प्युटरांमधला एक वाटा आपण भाड्यानं घेतो, इतकंच. तिथली जागा भरली म्हणून मी १०० जीबीची जादा डिस्क जोडून घेतली. पैसे गेले, तरी निरोप तोच : जागा शिल्लक नाही!

अकरावीतला भाचा म्हणाला, "मामा, डिस्क जोडलीय, पण माउंट कुठं केलीय?"

त्यानं आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यायला लावली. यादीत नवी डिस्क दिसली. मग 'डीएफ' दिली, तर तिथं तिचा पत्ताच नाही. म्हणजे धरण होतं, नळ नव्हता.

कोरी डिस्क आधी फॉरमॅट करावी लागते. वहीला रेघा आणि पान-नंबर घालावेत तसं. मी लगेच सरसावलो, तर पठ्ठ्यानं हातच धरला. "नाव नीट वाच. जुन्या डिस्कचं टाकलंस तर फोटो गेलेच!" त्यातल्या काहींची दुसरी प्रत कुठंच नाही. मी नाव तीनदा वाचलं.

मग एक रिकामा फोल्डर केला आणि 'माउंट' करून सर्व्हरला सांगितलं, यात टाकलेलं सगळं नव्या डिस्कवर जाऊ दे. हाच तो नळ! पण सर्व्हर बंद होऊन सुरू झाला की ही जोडणी विसरतो. फोल्डर दिसतो, पण रिकामा. म्हणून 'एफएसटॅब' नावाच्या फाइलमध्ये डिस्कची कायमची ओळख, म्हणजे तिचा यूयूआयडी, लिहून ठेवायचा. साधं नाव कधीकधी बदलतं.

सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. फोटो जागेवर होते.

तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर 'डीएफ' देऊन बघा. त्यानं काही बिघडत नाही. फॉरमॅटच्या वाटेला मात्र सरांना विचारल्याशिवाय जाऊ नका!