उशिरा सुचलेले प्रेम

१ ऑक्टोबर १९६१ रोजी रॉजर मॅरिसने मोसमातील ६१वा होमरन मारून बेब रूथचा १९२७ सालचा ६० होमरनांचा विक्रम मोडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या अवाढव्य यांकी स्टेडियममध्ये प्रेक्षक होते अवघे २३ हजार. रूथ हे बेसबॉलचे दैवत. त्याचा विक्रम मोडायचाच तर तो लाडक्या मिकी मँटलने मोडावा, अबोल मॅरिसने नव्हे, असा न्यूयॉर्ककरांचा हट्ट होता. रूथच्या वेळी मोसमात सामने १५४ आणि आता १६२, हा हिशेबही कसोशीने मांडला गेला. त्या ताणाने मॅरिसचे केस गळू लागले. पुढे तर घरच्या मैदानावरच त्याची हुर्यो उडवली गेली.

१९८५ मध्ये तो वारला. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० होमरन मारले आणि देशाने त्याला डोक्यावर घेतले. २०१० मध्ये त्याच मॅग्वायरने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. खरा विक्रमवीर मॅरिसच, या मताला मग आणखी जोर चढला. मॅरिसचे ६१ होमरन तर तेच होते! तेव्हा हा जिव्हाळा मॅरिसविषयीचा कमी आणि मॅग्वायरवरील रोषच अधिक, असे म्हणणे भाग आहे. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मॅरिसला अद्यापि स्थान मिळालेले नाही.