कॉम्प्रेसर घेताना टाकीला भुलू नका

मंडळी, आज विषय हवेचा. म्हणजे एअर कॉम्प्रेसरचा.

आपल्याकडे कॉम्प्रेसर घेताना लोक दोनच गोष्टी विचारतात. किती एचपी? आणि टाकी केवढी? माझ्या मते पहिला प्रश्न तिसराच हवा: कामाच्या प्रेशरला हा मिनिटाला किती हवा देतो?

साधं गणित बघा. १०० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर आली की बाहेरच्या दाबाची साधारण २०० लिटर हवा मिळते. स्प्रे गनला १० सीएफएम लागत असतील, तर ते झाले मिनिटाला २८३ लिटर. म्हणजे नुसत्या टाकीच्या जिवावर पाऊण मिनिटसुद्धा काम होत नाही! पुढचं सगळं पंपावर. आमच्या भाषेत टाकी म्हणजे बफर आणि पंप म्हणजे बँडविड्थ. बफर कितीही वाढवा, बँडविड्थ आहे तेवढीच राहते.

आता खरी गंमत. कॅटलॉगात ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा 'पिस्टन डिस्प्लेसमेंट'चा असतो. तो झाला कागदावरचा हिशोब. सिलेंडरमध्ये थोडी हवा उरतेच, हवा तापते, व्हॉल्व्हमधून गळते. त्यामुळे हाताशी येणारी हवा, म्हणजे 'फ्री एअर डिलिव्हरी' किंवा एफएडी, नेहमी त्याहून कमीच असते.

मग घ्यायचा कोणता? ते कामावर आहे. पंक्चरच्या दुकानात दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळतो, तिथे छोटा पंप आणि बरी टाकी चालून जाते. गाडी रंगवायची किंवा सँडर चालवायचा तर हवा सलग लागते. तिथे पंपच मोठा हवा, आणि तो न थांबता चालायच्या लायकीचा हवा. शिवाय वॉटर सेपरेटरही लावा, नाहीतर हवेतल्या पाण्याचे डाग रंगावर उठतात. दाताच्या डॉक्टरांना तर ऑइल-फ्रीच हवा.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? पण कर्ज काढून गॅरेज टाकणाऱ्या पोराचा कॉम्प्रेसर अर्ध्या बॉनेटवर धापा टाकायला लागला तर हप्ता काही थांबत नाही. तेव्हा दुकानदाराला सरळ सांगा, 'एफएडी किती, आणि कुठल्या प्रेशरला, ते बिलावर लिहून द्या.' तो टाळाटाळ करायला लागला, तर खुशाल पुढचं दुकान गाठा.